टपालवाडीचा तेरावा भाग

१

सुकेशनी सिस्टरचा गुरुवार तांड्याचा. शिरपूरहून स्कूटीवर निघायचं, नऊ किलोमीटर, आणि त्यातले शेवटचे तीन म्हणजे नुसते दगड. अंगावर निळ्या काठाची पांढरी साडी, पायाशी वजनकाटा, पाठीवर सॅक, सॅकमध्ये बीपीचं मशीन आणि सरकारी टॅब. हा टॅब तांड्यात पोचला की रेंज नाही म्हणून गोल गोल फिरत बसायचा. मग सुकेशनी त्याला दोन शिव्या देऊन जुनं रजिस्टर काढायची. तिशीच्या वरच्या सगळ्यांचं बीपी, साखर, वजन. अकरा वर्षं हेच काम, आणि अकरा वर्षांत त्या कागदांचं वरचे लोक काय करतात ते तिला कळलेलं नव्हतं.

शेवटचं घर लिलाबाईचं. लिलाबाई अठ्ठावन्नची, तोंडानं फटकळ, कामाला एकटी चौघांना पुरेल अशी. नवरा मदनसिंग आणि दोन्ही पोरं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली. घरात ती आणि तिची थोरली जाऊ लखमा, दोघीच. लखमा कमी बोलायची. ओट्यावर येऊन बसायची, हात पुढे करायची, झालं की उठून जायची.

त्या गुरुवारी सुकेशनीनं तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला आणि लिहायला घेतला. एकशेवीस-ऐंशी. वजन एक्केचाळीस. लिहिता लिहिता सहज नजर वरच्या ओळीकडे गेली. गेल्या वर्षी एकशेवीस-ऐंशी, वजन एक्केचाळीस. तिनं आधीचं पान उलटलं. त्यावरही तेच, आणि त्याच्या मागच्या पानावरही तेच.

सुकेशनीला स्वतःचाच राग आला. न मोजता आकडे टाकणाऱ्या बायका तिला माहीत होत्या, आणि त्यांना ती नेहमी नावं ठेवायची. आपणही कंटाळून तसंच केलं असेल काय? पण आत्ता तर तिनं स्वतः मोजलं होतं. म्हणून पुन्हा मोजलं. एकशेवीस-ऐंशी.

पट्टा सोडताना तिला ऐकू आलं. लखमा तोंड मिटून काहीतरी गुणगुणत होती. आधी दोन वेळा सायकलच्या घंटीसारखं, मग उड्या मारत जाणारी सोपी चाल. सुकेशनीचा हात तिथंच थांबला. ही चाल तिनं छत्तीस वर्षांत ऐकली नव्हती, पण पुढचा प्रत्येक सूर येण्याआधी तिला माहीत होता.

"लखमाबाई, हे तर टपालवाडीचं हाय."

लखमानं तिच्याकडे पाहिलं आणि चाल शेवटपर्यंत नेली. पण ती तिथं थांबली नाही. शेवटाला आणखी एक तुकडा जोडला. सावकाश, खाली खाली जाणारा, कोणी पायऱ्या उतरत असल्यासारखा. हा तुकडा सुकेशनीला आठवत नव्हता.

लिलाबाई चहा घेऊन बाहेर आली आणि जावेला त्यांच्या गोरमाटी बोलीत काहीतरी म्हणाली. लखमा उठून आत गेली.

"टीव्ही होता काय तुमच्याकडे, त्या टायमाले?" सुकेशनीनं विचारलं.

"चहा घ्या, सिस्टरबाई. थंडा होऊन राह्यला."

२

सुकेशनी केनवडची. वयाच्या दहाव्या वर्षी तिच्या ओळखीचे टीव्ही दोनच, आणि पाहायला मिळायचा तो एकच, रामराव पाटलांकडचा. लाकडी पेटीतला, सरकत्या दाराचा. रविवारी साडेचारला टपालवाडी लागायची. रामरावांची आणि शेजारपाजारची पोरं आत सतरंजीवर बसायची. सुकेशनीच्या वस्तीतली पोरं ओसरीत, उंबऱ्याच्या अलीकडे. तिथून टीव्ही पाहायचा म्हणजे चार डोक्यांच्या मधून वाट काढायची. तिनं दाराच्या चौकटीची जागा पकडली होती आणि ती जागा ती कोणाला द्यायची नाही. कार्यक्रम संपला की रामरावांची बायको प्रयागबाई परातीतून गूळ-शेंगदाणे वाटत यायची. सुकेशनीला त्या घरातलं आठवलं ते एवढंच. टीव्हीचा निळा उजेड, परात, आणि पुढच्या पोराच्या डोक्याचा भोवरा.

मालिका साधीच होती. टपालवाडीचा पोस्टमन नारबा. त्याच्या थैलीत दर आठवड्याला एक असं पत्र यायचं की ज्याचा पत्ता धड नाही. मग गावातली चार पोरं आणि नारबा मिळून त्या पत्राचा मालक शोधायचे. बाराव्या भागात शेवटचं पत्र आलं. त्याच्यावर नाव नाही, गाव नाही, नुसतं एका दाराचं चित्र. नारबानं सगळी वाडी पालथी घातली, ते दार शोधून काढलं, आणि भाग संपला.

तेराव्या रविवारी रामरावांच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. नारबा दारासमोर आला. त्यानं थैली सावरली, हात वर केला. एकदा वाजवलं, दोनदा, तिसऱ्यांदा. कडी सरकल्याचा आवाज आला.

आणि लाईट गेली.

दीड तासानं आली तेव्हा टीव्हीवर कापसावरच्या किडीची माहिती चालू होती.

त्या रात्री सुकेशनी जेवली नाही म्हणून आईनं फटका दिला होता. पुढं शाळा, नर्सिंग, नोकरी, लग्न. छत्तीस वर्षं ती हे विसरून होती. आता लखमाच्या त्या गुणगुणण्यानं सगळं वर आलं आणि खाली बसेना.

घरी आल्यावर तिनं निकिताला सांगितलं. निकिता वाशीमला कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला, आणि त्या दिवशी घरीच होती. तिनं दोन मिनिटांत मोबाइलवर मालिका शोधून काढली आणि भिंतीवरच्या टीव्हीला जोडली. कोणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवलेली. चित्र हलत होतं, आवाज डब्यातून यावा तसा, पण नारबा तोच, सायकल तीच. सुकेशनी आणि तिचा नवरा देवानंद कितीतरी वर्षांनी एका जागी बसून हसले. देवानंद शाळेत प्रयोगशाळा सहायक. माणूस शांत, थट्टेखोर. पाचव्या भागातला नारबाचा संवाद त्यानं नारबाच्या आधी म्हणून दाखवला.

तीन संध्याकाळींत बारा भाग संपले. तेरावा नव्हता.

"खाली लोकायनं काय लिहिलं, वाच बरं," सुकेशनी म्हणाली.

निकिता वाचू लागली. "शेवट कोणाला माहीत आहे का. आमच्याकडे लाईट गेली होती." पुढचं. "आमच्याकडेपण लाईट गेली." मग आणखी खाली. "सेम. लाईट गेली." निकिता हसली. "आई, सगळ्यायचीच गेली वाटते."

"आमची बी गेलती," देवानंद म्हणाला. "मंगरूळपीरले, होस्टेलात. आमी चाळीस पोरं बसलो होतो."

"एकाच दिवशी केनवडले अन् मंगरूळपीरले?"

"एकाच दिवशी कसं? आमी पाह्यलं थे नंतर. पुन्यांदा दाखवलं होतं ना, दोन वर्सानं."

सुकेशनीचं तिकडं लक्षच नव्हतं. तिच्या डोक्यात दुसरंच चालू होतं. बाराही भागांच्या सुरुवातीला आणि शेवटी ती चाल होती, आणि एकाही ठिकाणी लखमाचा तो खाली उतरणारा तुकडा नव्हता.

३

मग तिला नादच लागला. लसीकरणाला गेली की ती बायांना विचारायची. टपालवाडी पाहत होत्या काय? शेवट आठवते काय? बरोबर फिरणारी आशा कार्यकर्ती वैजयंती वैतागायची. "सिस्टर, लोकं आपल्याले येडं समजतीन." पण दुसऱ्या दिवशी वैजयंतीनंच आपल्या मोठ्या भावाला विचारून आणलं. त्यानं मालेगावात पाहिली होती. लाईट गेली.

रजिस्टरच्या शेवटच्या कोऱ्या पानावर सुकेशनीनं नावं लिहिली. पंधरा दिवसांत अकरा झाली. गावं वेगळी, सालं वेगळी. उत्तर एकच.

तिनं स्वतःला समजावलं. त्या काळी लाईट जायचीच. रोज जायची. जी गेली नाही ती कोणी लक्षात ठेवत नाही, जी गेली ती राहते. एवढं साधं आहे. पण साधं असलं तरी शेवट कुठं होता? एका पत्राचं काय झालं, एवढीच तर गोष्ट. जगात एकाही माणसाला ती माहीत नसावी म्हणजे काय? टॅबवर माहिती चढत नव्हती, वरून फोन येत होते, पोलिओचा रविवार तोंडावर आला होता, आणि ती मात्र भाजी चिरता चिरता थांबून दाराचा विचार करत बसायची.

"तूच लिहून टाक ना शेवट," देवानंद एकदा म्हणाला.

"तुमाले सगळी मजाच वाटते." तिनं पातेलं आपटलं. "तिथं बी चौकटीतून पाह्यलं, अर्धं. अन् आता पुरं पाहावं म्हटलं तं तेही नाही."

देवानंदनं वळून तिच्याकडं पाहिलं. चौकटीचं तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं.

शेवटी तिनं केनवडला रामरावांना फोन लावला. म्हातारा पंच्याहत्तरीच्या पुढे, प्रयागबाई जाऊन सहा वर्षं झालेली. ओळख पटायला वेळ लागला, पण पटल्यावर बोलू लागले.

"आठवते ना. ओसरी फुल होती. लाईट गेली अन् तुमी पोरायनं कल्ला केला."

"शेवट नाही ना पाह्यला तुमी?"

"कुठून पाह्यतो, माय. मी तं उठलो होतो, दार उघडाले."

"कोणतं दार?"

"वाजवलं ना कोनी तरी. तिकडं टीव्हीत त्यानं वाजवलं, अन् इकडं आपलंबी वाजलं. मी उठलो, दोन पावलं गेलो, तं लाईट गेली. मंग अंधारात बॅटरी शोधतो शोधतो, गेलो तं कोनी नाही."

"काका, दार तं उघडं होतं. आमी दारातच बसलो होतो."

"पुढचं नाही. मागचं दार."

फोन ठेवल्यावर सुकेशनी स्वयंपाकघरात गेली आणि आपल्या मागच्या दाराची कडी पाहून आली. कशासाठी पाहिली ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्याच संध्याकाळी पुण्याहून तिच्या धाकट्या भावाचा, मुन्नाचा फोन आला. निकितानं त्याला सगळं सांगितलं होतं आणि तो हसत होता. "ताई, माह्यावर सोड. इथं असल्या जुन्या क्यासेटा जमा करणारे लय लोक हायेत. एका जणाचा पत्ता लागला. त्याच्याकडं आख्खी मालिका हाय म्हणते."

"तेरावा बी?"

"तेरावा बी."

पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

४

पोलिओचा रविवार. तांड्याच्या समाजमंदिरात बूथ. बावीस लेकरं, दुपारी दोनला सगळी झाली, आणि त्यांच्या बोटांना शाई लावता लावता सुकेशनीच्या अंगठ्याचं नख जांभळं झालं. वैजयंती आपला जेवणाचा डबा घेऊन आपल्या गावाला निघाली. सुकेशनीनं लशीचा डबा स्कूटीला बांधला आणि निघण्याऐवजी ती लिलाबाईच्या घराकडे वळली.

वाट पाहायची होती ती मुन्नाच्या कॅसेटची. पण एक गोष्ट तिला गप्प बसू देत नव्हती. बारा भागांत नसलेला तुकडा लखमाला येत होता, म्हणजे लखमानं तेरावा ऐकला होता.

लिलाबाई अंगणात तुरीच्या शेंगा झोडत होती. सुकेशनीनं सरळच विचारलं. लिलाबाईचा हात दोनदा चालला, तिसऱ्यांदा थांबला.

"खांब कधी आले आमच्या तांड्यात, माहीत हाय काय, सिस्टरबाई? पोरगा चौथीत होता माह्या, तवा. त्याच्या आधी लाईटच नव्हती. तं जाईन कुठून?"

"मंग टीव्ही?"

"ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. आमच्या मालकानं हौसेनं आणला होता." तिनं दांडका खाली ठेवला. "आमी नऊ जणं होतो. मी नवीन नवरी. याच खोलीत."

दोघी उंबऱ्यावर बसल्या. आत, मधल्या भिंतीपलीकडं लखमाची हालचाल ऐकू येत होती. भांडं ठेवल्याचा आवाज, चूल फुंकल्याचा, आणि मधूनमधून ती चाल.

"दार उघडलं मंग?" सुकेशनीनं विचारलं. आवाज दहा वर्षांच्या पोरीसारखा झाला, तो तिलाच ऐकू आला.

"उघडलं."

"कोण होतं आत?"

"नुसती खोली होती. मानसं बसली होती खाली. पाठमोरी." लिलाबाईनं जमिनीवर तळहात ठेवला. "नऊ जणं."

सुकेशनी मान हलवत राहिली. आजारी माणसाचं ऐकताना ती असंच करायची.

"अन् मंग आमचं मागचं दार वाजलं. जाऊबाई सकाळीच जळतनाले गेली होती जंगलात. मालकानं उठून उघडलं, तं तीच. डोक्यावर मोळी नव्हती. दमली म्हणे. येऊन बसली आमच्यात."

"मंग त्यात काय झालं?"

"काय बी नाही झालं." लिलाबाई तुरीच्या ढिगाकडं पाहत होती. "संध्याकाळी पुढचं दार वाजलं. लय वेळ वाजलं. नावं घेतली आमची, एकेकाचं. माह्यं तं माहेरचं नाव घेतलं, थे घरात फक्त जाऊबाईलेच मी सांगितलं होतं."

"कोण होतं?"

"आमी उघडलं नाही, सिस्टरबाई. कायले उघडू? घरात तं सगळे होते."

चाल थांबली होती. आत चूलही वाजत नव्हती.

सुकेशनीनं डोक्यात वाक्यं मांडायला सुरुवात केली. घरची माणसं सहा महिने बाहेर, दोघीच बाया, एकीला जंगलात कधीतरी दचका बसलेला, दुसरीनं त्याची गोष्ट केलेली. वाशीमला दाखवायला हवं, दोघींनाही. हे सगळं बरोबर होतं. तरी तिची बोटं नऊपर्यंत मोजत होती.

"वाईट नाही ती," लिलाबाई हळू म्हणाली. "माही पोरं तिनं वाढवली. कोनाले कधी उलटून बोलली नाही. पण इतक्या वर्सात तिले साधा ताप नाही आला. तुमीच तं लिवून राह्यल्या."

मग तिनं सुकेशनीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमची लाईट गेली, थे चांगलं झालं. नाहीतं घरातलं कोनी ना कोनी उठलंच असतं दार उघडाले."

मागून चहाचा वास आला. लखमा दोन कप घेऊन उभी होती. कधी आली ते कळलं नव्हतं. ती सुकेशनीकडं पाहून हसली. चांगलं, मायेचं हसू. कप घेताना सुकेशनीचा हात तिच्या बोटांना लागला, आणि तिनं चहा न पिताच कप खाली ठेवला.

५

दगडांचा रस्ता संपून डांबर लागलं तिथं रेंज आली आणि सॅकमधला मोबाइल एकामागून एक वाजू लागला. तिनं स्कूटी बाजूला घेतली.

मुन्नाचा निरोप दीड तासापूर्वीचा. "ताई, सापडला. घरच्या ग्रुपवर टाकला. मी गाडी चालवत आहे, तुम्ही पाहा मग सांगा." त्याखाली निकिताचं. "आई आम्ही डाउनलोड करतोय. कुठे आहेस." मग पुन्हा निकिता, चार मिनिटांपूर्वी. "बाबा थांबायला तयार नाहीत. लावतोय."

तिनं देवानंदला फोन लावला. उचलला.

"ये लवकर. सुरूच करून राह्यलो. मागच्या भागातलं सगळं दाखवून राह्यले आधी, तू येतवर तं..."

"लावू नका. ऐका, बंद करा थे."

"काय म्हणते? आवाज कटून राह्यला."

"बंद करा म्हणते मी. अन् मागचं दार..."

"हॅलो? बरं, ये तू. ठेवतो."

पुन्हा लावला. वाजत राहिला. निकिताचाही तसाच.

सहा किलोमीटर. तिनं स्कूटी जितकी पळते तितकी पळवली. लशीचा डबा मागं आदळत होता. साडेचार वाजले होते, ऊन तिरकं होऊन हरभऱ्यावर पसरलं होतं. काय मूर्खपणा, ती स्वतःला म्हणत होती. बेचाळीस मिनिटांचा एक जुना भाग. नवरा आणि पोरगी सोफ्यावर बसून पाहत आहेत. आणि तू शेहेचाळीस वर्षांची बाई, सरकारी नोकर, रस्त्यानं रडत चालली आहेस. तरी ती मनात एकच गोष्ट मागत होती. लाईट जाऊ दे. जन्मभर ज्या लाईटीच्या नावानं बोटं मोडली, ती आज एवढी एकदा जाऊ दे.

दोन्ही बाजूंच्या शेतांत मोटारी चालू होत्या. पाइपांतून पाणी धडधडत पडत होतं. शिरपूरच्या फाट्यावर रसवंतीची मोटार चालू होती, पिठाची गिरणी चालू होती, मोबाइलच्या दुकानातलं गाणं चालू होतं. सगळीकडं लाईट होती.

गल्लीत वळली तेव्हा तिनं स्कूटी स्टँडवर न लावता भिंतीला तशीच टेकवली. पुढचं दार आतून बंद. आतून टीव्हीचा आवाज येत होता, मोठा, देवानंद नेहमी लावायचा तसा. नारबाच्या सायकलची घंटी वाजली. मग पावलं, मातीतली.

तिनं दार वाजवायला हात वर केला आणि तो हवेतच राहिला. आपण वाजवलं तर आतलं कोणीतरी दार उघडायला उठेल. पुढचं दार उघडायला उठेल, ते तर हवंच होतं. पण तेवढ्यात मागचं...

आत टक् असं वाजलं. मग आणखी एकदा. मग तिसऱ्यांदा. टीव्हीतलं. टीव्हीतलंच होतं.

तिनं खिडकीकडं धाव घेतली. पडदा अर्धा सरकलेला होता. देवानंदचा पाठमोरा खांदा, त्याच्याशेजारी निकिताची वेणी, आणि टीव्ही बाजूनं, तिरका, त्यामुळं त्यातलं काही धड दिसत नव्हतं. पडद्यावर एक खोली असावी. कोणीतरी खाली उजेडाकडं तोंड करून बसलेलं असावं. ती काचेवर थाप मारणार, तोच निकितानं मान वळवली. खिडकीकडं नाही, स्वयंपाकघराकडं.

"बाबा, मागचं दार वाजून राह्यलं. पाहतो मी."

"निकिता," सुकेशनी ओरडली. "निके, थांब. उघडू नको."

टीव्हीवर ती चाल सुरू झाली आणि सगळं त्या आवाजाखाली गेलं. शेवटाला तो तुकडा. सावकाश, खाली खाली.

घराच्या मागं जायला वाट नव्हती. शेजाऱ्यांची भिंत लागून होती, गल्ली फिरून जावं लागलं असतं. ती काचेवर दोन्ही तळहातांनी मारत राहिली. देवानंद हलला नाही. मागून कडी निघाल्याचा आवाज आला, आणि मग निकिताचा, नेहमीचा, थोडा कुरकुरणारा.

"आई, तू मागून काहून आली? अन् गाडी कुठं ठेवली?"

उत्तर ऐकू आलं नाही. देवानंदनं आता मान वळवली. स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहून तो हसला आणि सोफ्यावर सरकून त्यानं बाजूला जागा केली. त्या जागेवर येऊन बसणाऱ्या बाईचा सुकेशनीला फक्त हात दिसला. पांढऱ्या साडीचा निळा काठ, आणि अंगठ्याच्या नखावर जांभळा डाग. सकाळपासून पोलिओच्या शाईनं पडलेला. सुकेशनीनं स्वतःच्या अंगठ्याकडं पाहिलं, तिथंही तोच डाग होता.

मग पडदा आतून ओढला गेला.

ती पुढच्या दाराशी आली. आता तिनं वाजवलं. मुठीनं, मग दोन्ही मुठींनी. देवानंदचं नाव घेतलं, निकिताचं घेतलं. आतला टीव्ही बंद झाला. गल्लीतल्या दोन बाया दारात येऊन पाहू लागल्या. त्यातली एक सुकेशनीच्या हातून बाळंतीण झालेली. ती डोळे बारीक करून पाहत होती, अनोळखी माणसाकडं पाहावं तशी.

"कोण हाय वं, पाह्य बरं," आतून देवानंद म्हणाला.

"राहू दे." तो आवाज सुकेशनीचा होता. रविवारचा, थकलेला, घसा बसलेला. "सर्वेवाली असन कोनी. उद्या ये म्हणा."

पावलं दारापर्यंत आली. सुकेशनीनं कपाळ लाकडाला टेकवलं. पलीकडं, बोटभर अंतरावर, तिची पोरगी उभी होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

"निके," सुकेशनी म्हणाली. "मी आई हावो. उघड."

कडीला हात लागल्याचा आवाज झाला. मग निकिताचा आवाज आला. मऊ, आदराचा, घरातल्या मोठ्यांनी दारावर आलेल्यांशी कसं बोलावं म्हणून शिकवलेला.

"मावशी, उद्या या ना. आमची आई आत्ताच दमून आली."

आणि वरची कडीही लागली.